उत्सवातील एकांत



उत्सव समुदायाचा आणि साधना ज्याची त्याची, अशी वाटणी सर्रास केली जाते. सोहिरोबानाथ आंबिये यांचे चरित्र पाहिले म्हणजे ती तितकीशी पटत नाही.

सोहिरोबांचा जन्म १७१४ सालचा. सावंतवाडी संस्थानातील बांदे गावचे ते कुलकर्णी; वसूल आणि जमाखर्च यांतच ऐन उमेदीची वर्षे गेली. राजदरबारचे बोलावणे आले म्हणून निघाले असता वाटेत रानात फणस खावयास बसले, तेथे गहिनीनाथांनी दर्शन देऊन उपदेश केला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेस पुरावा मागू नये. कुलकर्णीपण मात्र त्यांनी खरोखरच सोडले. आणि दप्तर सोडणे किती कठीण, हे दप्तर सांभाळलेल्यासच ठाऊक! ‘सिद्धान्तसंहिता’, ‘अक्षयबोध’ आदी ग्रंथ रचून उतारवयात ते ग्वाल्हेर, उज्जैनीकडे गेले. १७९२ साली उज्जैनीस ते अदृश्य झाले, असे सांगतात.

रानातल्या एकांतात लाभलेला तो बोध आज गोमंतकातील देवळांच्या सभामंडपांत ऐकू येतो. सप्ताहास, पालखीस, पखवाजाच्या ठेक्यावर भजनी मंडळी सोहिरोबांची पदे आळवितात. त्याच वेळी एका कोपऱ्यात पहिला मान कोणाचा, प्रसादाचा नारळ आधी कोणास, याची कुजबुजही चालू असते. तीही परंपराच म्हणावयाची. आणि त्याच दाटीत, खांबाला टेकून बसलेला एखादा वृद्ध, पद संपून टाळ खाली ठेवले गेले तरी डोळे उघडीत नाही.