एकच पाटी, दोन हात

(इंदुरात मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गणरायासमोर आज आपण पाटीविषयी बोलणार आहोत. आपल्यापैकी बहुतेकांचे शिक्षण पाटीवर ‘श्रीगणेशा’ काढूनच सुरू झाले. आपली नातवंडे मात्र आज पुण्याला, बंगळूरुला, नाहीतर थेट न्यू जर्सीत आहेत. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती दिसतात, आपल्याशी मराठीत बोलतात आणि आपण समाधान मानतो. पण बोलणे टिकले म्हणून लिहिणे टिकतेच असे नाही.

परदेशातली मुले मराठी निरोप रोमन अक्षरांत पाठवतात, त्यामुळे तिथली गळती डोळ्यांना दिसते. आपल्या इंदुरात ती दिसत नाही, कारण हिंदीची आणि मराठीची लिपी एकच. नातू देवनागरी घडाघडा वाचतो, म्हणून आपण निश्चिंत असतो. त्याची वही उघडून बघावी. ‘शाळा’ची ‘शाला’ झालेली असते, ‘बाळ’चा ‘बाल’. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ त्याला एकच वाटतात. वास्तविक पहिला समुद्र आणि दुसऱ्या डोंगरांमधल्या.

हे कॉलवर शिकवायचे कसे? आपण कागदावर अक्षर काढून कॅमेऱ्यासमोर धरतो. तिकडे मुलाला तयार अक्षर दिसते, ते काढणारा हात दिसत नाही. अक्षर ही तर हाताची चाल आहे. ‘ळ’ची दोन वाटोळी एका दमात कशी येतात, शिरोरेषा आधी की मागून, हे छापील पान सांगत नाही. पूर्वी आजोबा मुलाचा हात आपल्या हातात घेऊन गिरवून घेत. त्याच्या थोडे जवळ जाणारे साधन आता आहे: ऑनलाइन फळा.

आमच्यापैकी काही घरांनी तो वापरात आणला आहे. कल्पना सोपी आहे. एक लिंक दोघांनी उघडायची. दोघांच्या पडद्यावर एकच कोरा फळा येतो आणि त्यावर दोघांनाही लिहिता येते. आजीची रेघ उमटत असतानाच नातीला दिसते, नातीची आजीला. झूम आणि मायक्रोसॉफ्ट यांचे असे फळे आहेत. एक्सकॅलिड्रॉ तर ब्राउझरमध्ये खाते न काढताही उघडतो. आपला पडदा दुसऱ्याला नुसता दाखवणे वेगळे. तिथे एक लिहितो आणि दुसरा बघत बसतो.

आता अनुभवाच्या चार गोष्टी.

पहिली, खडू मुलाच्या हाती राहू द्यावा. आपण एकदाच अक्षर काढायचे, फिक्या रंगात आणि मोठे. मुलाने त्यावर गडद रंगाने गिरवायचे आणि मग शेजारी स्वतः काढायचे. त्याची रेघ वाकडी गेली की आपला हात शिवशिवतो, पुसून नीट करून द्यावेसे वाटते. तेवढे टाळावे. आमच्यातल्या एका आजींनी ‘बाळ’ शब्दावर असाच हात आवरला. क्षणभराने नातीने स्वतःच ‘ळ’ पुसला आणि पुन्हा काढला. तो तिचा झाला.

दुसरी, माउसने अक्षर नीट वळत नाही. टॅब आणि त्याचा पेन असेल तर उत्तम, नाहीतर फोनवर बोटाने. पाटीवर आपण बोटानेही गिरवलेच होते.

तिसरी, वेळ. झूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटांनी कॉल संपतो. लहान मुलाला तेवढा वेळ पुरून उरतो. फळ्यासाठी त्यातली २० मिनिटे ठेवावीत, बाकीच्या गप्पा. न्यू जर्सीवाल्यांनी एक ध्यानात ठेवावे. आपली संध्याकाळची ७:३० ही वेळ तिकडे उन्हाळ्यात सकाळची १० असते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून ९ होते.

चौथी, जपणूक. गूगलचा जॅमबोर्ड हा फळा ३१ डिसेंबर २०२४ रोजी कायमचा बंद झाला. तेव्हा कोणत्याही फळ्याच्या भरवशावर राहू नये. धडा संपला की त्याचे चित्र आपल्याकडे उतरवून घ्यावे. लिंकही घरापुरतीच ठेवावी. ती ज्याच्या हाती पडेल त्याला बहुधा फळा उघडता येतो, म्हणून मोठ्या व्हॉट्सअॅप गटात टाकू नये.

आता थोडे पुढचे सांगतो. आपल्यातल्या कित्येक घरांत जुन्या ट्रंकेत मोडीतले कागद आहेत. त्यात काय लिहिले आहे हे घरात कोणालाच वाचता येत नाही. अशा कागदाचा फोटो फळ्यावर लावता येतो आणि तो जागचा हलू नये म्हणून पक्का करता येतो. मग इकडून आपण आणि तिकडून नातवाने ओळखीच्या अक्षरांना गोल करायचे. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात, मग तिला अक्षरे टांगत जातात आणि दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. बाळबोध अक्षराच्या अगदी उलट! इथे आजोबाही विद्यार्थी आणि नातूही विद्यार्थी. कागदावर पणजोबांचे नाव सापडले तर कोणाला आधी सापडेल, हे सांगता येत नाही.

आपले पूर्वज या माळव्यात आले आणि पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी राहिली, ती कोणी शिकवणी लावली म्हणून नव्हे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी रोज थोडा वेळ दिला म्हणून राहिली. आता घर चार गावांत आणि दोन खंडांत पसरले आहे, म्हणून पाटीही तितकी लांब करावी लागते. ज्यांना हा फळा उघडून बघायचा असेल त्यांनी आरतीनंतर थांबावे. आपला फोन आणावा आणि सोबत नातवाला लिहून पाठवायचा एक शब्द मनात ठेवून यावे. शक्यतो ‘ळ’ असलेला.

गणपती बाप्पा मोरया!