मासिक शिवरात्र : दिलेल्या शब्दाचे व्रत

(व्रतविषयक व्याख्यानमालेतील एका भाषणाचे संपादित शब्दांकन)



महाशिवरात्रीची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर, औंढा नागनाथ, परळी वैजनाथ या क्षेत्रांकडे त्या दिवशी माणसांचा ओघ लागतो, गावोगावी यात्रा भरतात, कचेऱ्यांना सुटी असते. परंतु माघ वद्य चतुर्दशीची ही रात्र एका मालिकेतील आहे, याचे विस्मरण होत चालले आहे. प्रत्येक महिन्याची वद्य चतुर्दशी ही शिवरात्र होय. वर्षाला अशा बारा रात्री येतात आणि अधिक मास आला, जसा २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, तर तेरा. दिनदर्शिकेच्या चौकोनात 'शिवरात्री' एवढा एक शब्द बारीक अक्षरांत छापलेला असतो. त्या रात्री सुटी नसते, यात्रा नसते आणि आपण उपवास केला की नाही, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. आजचा विषय आहे तो या साक्षीदार नसलेल्या रात्रीचा.

तिथी कशी ठरते?

अनेकांचा एक प्रश्न असतो. पंचांगात त्रयोदशी लिहिली आहे आणि त्याच दिवशी शिवरात्र कशी? आपले बहुतेक व्यवहार सूर्योदयाच्या तिथीने चालतात. व्रतांचे मात्र तसे नाही. ज्या व्रताचा जो मुख्य काळ, त्या काळी ती तिथी असावी लागते. संकष्टी चतुर्थीचा निर्णय चंद्रोदयावरून होतो, तर शिवरात्रीचा निशीथकाळावरून. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या रात्रीचे पंधरा समान भाग केले असता जो आठवा, म्हणजे बरोबर मधला मुहूर्त येतो, तो निशीथ. रात्र बारा तासांची धरल्यास हा काळ ४८ मिनिटांचा भरतो. मुंबई-पुण्याकडे तो ऋतुमानानुसार साधारणपणे रात्री बारा ते सव्वा या वेळेच्या आगेमागे येतो. सायंकाळी त्रयोदशी आणि मध्यरात्री चतुर्दशी असेल, तर प्रदोष आणि शिवरात्र एकाच दिवशी येतात. त्यात विसंगती काहीच नाही.

हा तपशील मुद्दाम सांगितला, कारण त्यातच व्रताचे मर्म आहे. ज्या घटिकेला सारे जग झोपलेले असते, तीच घटिका शास्त्रकारांनी या व्रतासाठी निवडली. वद्य चतुर्दशीला चंद्राची अगदी क्षीण कोर उरलेली असते. तीही पहाटे, सूर्याच्या थोडी आधी उगवते आणि पुष्कळदा उजेडात हरवून जाते. दक्षाच्या शापाने क्षयाला लागलेल्या चंद्राला शंकराने मस्तकी धारण केले, अशी प्रभास क्षेत्रातील सोमनाथाची कथा आहे. जो क्षीण झाला, त्याला मस्तकी धरणारा हा देव. त्याची रात्रही अमावास्येच्या उंबरठ्यावरचीच आहे.

व्याधाने काय केले?

शिवरात्रीची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. श्रीधरस्वामींनी शके १६४० मध्ये, म्हणजे इ. स. १७१८ साली, बारामतीत 'शिवलीलामृत' पूर्ण केले. त्याच्या दुसऱ्या अध्यायात ती आली आहे. एक व्याध शिकारीसाठी रानात जातो. दिवसभर काही मिळत नाही म्हणून उपवास घडतो. सावजाची वाट पाहताना जागरण घडते. समोरचे दिसावे म्हणून तो बेलाची पाने खुडून टाकतो, ती खालच्या शिवलिंगावर पडतात आणि पूजाही घडते.

येथवरची कथा ऐकून अनेक सुशिक्षित तरुण विचारतात की, नकळत चार पाने पडली म्हणून कोणाचा उद्धार होतो का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर कथेच्या उत्तरार्धात आहे. बाणाच्या टप्प्यात आलेली हरिणी व्याधाला सांगते, "मला घरी जाऊन येऊ दे, मी परत येते." तो तिला सोडतो. मागून दुसरी येते, मग मृग येतो, आणि तेही तसाच शब्द देतात. रानात त्यांना अडवणारे कोणी नव्हते. पळून गेले असते, तर व्याध काय करणार होता? तरीही पहाटे सारे कुटुंब मरण पत्करून त्याच्यापुढे उभे राहते. त्या क्षणी व्याधाच्या हातातील धनुष्य खाली येते. रात्रभराच्या जागरणाचे फळ ते हेच. नकळत पडलेल्या पानांनी त्याची पूर्वतयारी झाली. परंतु त्याला पालटले ते दिलेला शब्द पाळणाऱ्या त्या मुक्या जिवांनी.

संकल्प म्हणजे तरी दुसरे काय? हातात पाणी घेऊन आपण एक शब्द देतो. तो पाळला की नाही, हे पाहायला कोणी येत नाही.

या कथेचा नायक वेदाभ्यासी पंडित नाही, रानात हिंडणारा व्याध आहे, हेही लक्षात घ्यावे. शिवरात्रीच्या व्रताचा अधिकार स्त्री-पुरुष, सर्व वर्ण, सर्व जाती यांना आहे, हे धर्मशास्त्राने मान्य केले आहे. ज्या समाजाने पुढे पुढे मंदिरांच्या दारांत भेद उभे केले, त्याच समाजाच्या परंपरेत हे खुले व्रतही होते. त्याचे स्मरण ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.

जागा राहिलेला मुलगा

एकोणिसाव्या शतकात सौराष्ट्रातील टंकारा येथे एक चौदा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर शिवरात्रीच्या जागरणासाठी मंदिरात गेला. मध्यरात्र उलटली तसे वडील आणि इतर मोठी माणसे पेंगू लागली. मुलगा मात्र जागा होता, कारण जागरण मोडू नये असे त्याला सांगण्यात आले होते आणि त्याने ते मनावर घेतले होते. पिंडीवर चढून नैवेद्य खाणारा उंदीर त्याला दिसला आणि त्याच्या मनात प्रश्नांचे मोहोळ उठले. तो मूलशंकर म्हणजेच पुढचे स्वामी दयानंद सरस्वती. त्यांनी १८७५ मध्ये आपल्या मुंबईतच आर्य समाजाची स्थापना केली. मूर्तिपूजेविषयीचा त्यांचा निष्कर्ष आपल्यापैकी अनेकांना मान्य नसेल. तरीही आर्य समाज शिवरात्रीला बोधोत्सव साजरा करतो, यातील अर्थ पाहा. त्या रात्री व्रत खऱ्या अर्थाने पाळणारा तो एकटाच होता. प्रामाणिकपणे पाळलेल्या व्रतातून प्रश्नही जन्माला येऊ शकतो आणि आपल्या धर्माला त्या प्रश्नाचे भय नाही.

उपवास की फराळ?

आता थोडे स्वयंपाकघरात येऊ. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असे आपण हसत म्हणतो. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची ही सारी मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ती आपल्याकडे आली. ती खाऊ नयेत असे मी म्हणत नाही. परंतु साबुदाण्याची खिचडी हे शास्त्रवचन नव्हे. 'उप' म्हणजे जवळ आणि 'वास' म्हणजे राहणे. देवाजवळ राहायचे, तर पोटाचे काम त्या दिवशी थोडे कमी करायचे, इतका तो साधा विचार आहे.

आणि प्रत्यक्षात काय घडते? घरातील गृहिणीला त्या दिवशी दोन स्वयंपाक करावे लागतात. एक उपवास करणाऱ्यांचा, दुसरा न करणाऱ्यांचा. स्वतः उपाशी राहून ती दिवसभर शेगडीपुढे उभी असते आणि पूजेच्या वेळी दमून झोपते. हे व्रत कोणाचे झाले? शिवरात्रीच्या दिवशी सर्वांनी फळे आणि दूध यांवर भागवावे, चूल लवकर विझवावी आणि त्या माउलीला पूजेला बसू द्यावे. पुरुषांनी एवढे केले, तरी व्रताचा अर्धा भाग पार पडला.

शास्त्र येथे आपल्यापेक्षा अधिक दयाळू आहे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, औषध आणि गुरूची आज्ञा यांनी व्रतभंग होत नाही, असे आपल्याकडे प्राचीन काळापासून सांगितले आहे. मधुमेह असणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि वृद्धांनी देहाला क्लेश देऊ नयेत. त्यांनी जागरणाचा वा पठणाचा भाग उचलावा.

घर हेच मंदिर

१९९० मध्ये काश्मीर खोऱ्यातून पंडितांना परागंदा व्हावे लागले. 'हेरथ', म्हणजेच शिवरात्र, हा त्यांचा सर्वांत मोठा सण. मागे राहिलेली मंदिरे त्यांना बरोबर नेता आली नाहीत. परंतु जम्मूच्या निर्वासित छावण्यांतील एकेका खोलीत पाण्याने भरलेला कलश मांडला गेला, त्यात अक्रोड भिजत घातले गेले आणि पूजा झाली. घरदार गमावलेल्या समाजाची ओळख ज्या गोष्टींनी टिकवली, त्यांत हे घरगुती व्रत आहे. जे केवळ मंदिराच्या गर्दीत असते, ते गर्दीबरोबर ओसरते. जे घरात रुजलेले असते, ते माणसाबरोबर कोठेही जाते. पुण्यातील सदनिकेत असो वा परदेशातील नोकरीच्या गावी, मासिक शिवरात्रीला एक तांब्या पाणी आणि बेलाचे एक पान पुरते.

म्हणून एक साधी योजना सांगतो. बेल आदल्या दिवशी आणून ठेवावा, कारण चतुर्दशीला तो तोडू नये अशी रूढी आहे. आणि वाहिलेले पान धुऊन पुन्हा वाहता येते. सायंकाळी स्नान करून सर्वांनी मिळून संकल्प करावा. 'शिवलीलामृता'चा एक अध्याय मोठ्याने वाचावा. दूरदर्शन संच आणि मोबाईल त्या रात्री बंद ठेवावेत. ज्यांना पहाटे कामावर जायचे आहे, त्यांनी निशीथकाळची पूजा करून झोपावे. मुलांना सक्तीने जागवू नये; जेवढा वेळ ती आपण होऊन बसतील, तेवढा पुरेसा आहे. मात्र त्यांनी प्रश्न विचारला, तर तो टाळू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणे करावे.

कार्यकर्त्यांना वेगळे काही सांगण्याची गरज नाही. वर्षातून एकदा भरणारा मोठा मेळावा ज्या रोजच्या, कोणाच्या डोळ्यांत न भरणाऱ्या कामावर उभा असतो, ते काम आपण जाणता. महाशिवरात्र आणि या उरलेल्या अकरा रात्री यांचे नाते तसेच आहे. येत्या वद्य चतुर्दशीपासून एक वर्षाचा शब्द द्या. तो शंकराला द्या, स्वतःला द्या. आणि रानातल्या त्या हरिणीप्रमाणे पाळा.