दोन दिवसांची मुंबई

मुंबईस दोन दिवसांसाठीं जाणारा गृहस्थ घरून निघण्यापूर्वींच एक चूक करून बसतो. तो कागद घेऊन पाहावयाच्या स्थळांची यादी करूं लागतो. घरांतील प्रत्येक जण तींत आपली भर घालतो. आणि पाहतां पाहतां दोन दिवसांच्या माथीं पंधरा दिवसांचें ओझें बसतें. अशी मंडळी परत येते ती बहुधा वाहनांची गर्दी पाहून.

मुंबई हें मूळचें बंदर आहे, एवढी एक गोष्ट ध्यानांत धरली म्हणजे यादी आपोआप आंखूड होते. १६६१ सालच्या विवाहाच्या तहानें मुंबई पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाकडे गेली. १६६८ सालीं त्यानें ती वार्षिक १० पौंड भाड्यानें ईस्ट इंडिया कंपनीस दिली. शहर वाढलें तें खोल व सुरक्षित बंदराच्या आश्रयानें. तेव्हां एक दिवस पाण्याचा व एक दिवस जमिनीचा, अशी सरळ वांटणी करावी.

पाण्याचा दिवस गेटवेपासून आरंभावा. १९११ सालच्या पंचम जॉर्जच्या आगमनाचें स्मारक म्हणून ही कमान उभारण्यांत आली. ती १९२४ सालीं पुरी झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी येथूनच मायदेशीं निघाली. येथूनच घारापुरीची बोट सुटते. तासाभराचा जलप्रवास, पुढें शंभरावर पायर्‍या, आणि मग सुमारें २० फूट उंचीची ती त्रिमुखी शिवमूर्ति. गुडघे दुखणार्‍या वडील माणसांचा विचार पायर्‍यांशीं पोंचल्यावर न करतां घरींच करून ठेवावा. लेणीं सोमवारीं बंद असतात, हेंहि विसरूं नये.

पावसाळ्यांत मात्र समुद्राशीं हट्ट धरूं नये. १७ जुलै १९४७ रोजीं ‘रामदास’ ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली, ती पोंचलीच नाहीं. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. डिसेंबर २०२४ मध्यें घारापुरीच्या वाटेवर प्रवासी बोटीस अपघात होऊन माणसें दगावलीं. तेव्हां तर पावसाळाहि नव्हता. म्हणून बोटींत मिळणारें प्राणरक्षक जाकीट हातांत न बाळगतां अंगांत घालावें, आणि मुलांच्या अंगांत आधीं घालावें. हवा बिघडलेली असेल तर घारापुरी सोडून द्यावी व गेटवेपासून पायीं जाण्याजोग्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत तो वेळ घालवावा. तेथील शिल्पें पाहण्यास एक सकाळहि अपुरी पडते.

जमिनीच्या दिवसासाठीं रविवार उत्तम. कोट भागांतील बहुतेक कचेर्‍या बंद असल्यानें रस्ते मोकळे सांपडतात. १६ एप्रिल १८५३ रोजीं उतारूंची पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यास गेली. त्याच परिसरांत, स्टीव्हन्सच्या आराखड्यानुसार १८७८ सालीं काम सुरू होऊन, आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस उभें राहिलें. त्याचा घुमट व दगडांतील पशुपक्षी रस्त्याच्या पलीकडून निवांत पाहावे. तेथून पायींच हुतात्मा चौकांत यावें. संयुक्त महाराष्ट्रासाठीं येथें माणसांनीं प्राण दिले, हें मुलांस सांगावें. शहर आपलें कसें झालें, तें त्यांस कळलें पाहिजे. पुढें ओव्हल मैदान लागतें. त्याच्या एका बाजूस राजाबाई मनोरा व उच्च न्यायालय या एकोणिसाव्या शतकांतील इमारती, तर समोर विसाव्या शतकांतील गोलाकार सज्जांचीं घरें. २०१८ सालीं या परिसरास जागतिक वारशाचा मान मिळाला.

उतरण्याची जागा दक्षिण मुंबईंतच पाहावी. कामाच्या दिवशीं लोकलची गर्दी सकाळीं दक्षिणेकडे व सायंकाळीं उत्तरेकडे लोटते. तींत म्हातार्‍याकोतार्‍यांस घेऊन शिरणें धोक्याचें आहे.

आणि अखेरची सायंकाळ कोणत्याहि स्थळाच्या नांवें लिहूं नये. ती मरीन ड्राइव्हच्या कठड्यासाठीं ठेवावी. दोन दिवस मुलांच्या मागें धांवलेली आजी तेथें स्वस्थ बसेल, मुलें शेजारीं येऊन बसतील, आणि सूर्य पाण्यांत उतरतांना सर्वांच्या तोंडचें बोलणें थोडें थांबेल. यादींत जें उरलें, तें पुढील खेपेस.