गिअरबॉक्स काय सांगतो?



धाडहून बुलढाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या मामांची एक जीप प्रवासी वाहतुकीला असे. काळी-पिवळी. घेतली होती जुनीच, तीही कर्ज काढून. आणि घरातली सहा माणसे त्या एका गाडीच्या फेऱ्यांवर जेवत होती. एके दिवशी गाडीतून घूं-घूं असा आवाज येऊ लागला. मामांनी ती एका गॅरेजात नेली. तेथल्या माणसाने रस्त्यावर एक चक्कर मारली आणि सांगून टाकले, "गिअरबॉक्स गेला. उतरवावा लागेल." खर्चाचा आकडा ऐकून मामा घरी आले ते न जेवताच निजले. अर्ध्या वर्षाचे हप्ते त्या आकड्यात बुडत होते.

दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी सांगण्यावरून मामा एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेले. सगळे त्यांना चाचा म्हणत. मामा आवाजाची नक्कल करून दाखवू लागले, तेव्हा चाचांनी हात वर केला. "भाऊ, आवाज कसा येते ते राहू द्या. कधी येते अन् कधी थांबते, तेवढं सांगा." मामांना ते सांगता येईना. तेव्हा चाचा स्वतः शेजारी बसले आणि गाडी मोकळ्या मैदानात न्यायला लावली. तेथे काय झाले ते थोड्या वेळाने सांगतो. आधी त्या लोखंडी पेटीत काय असते ते पाहू, म्हणजे चाचांचा प्रश्न किती शहाणपणाचा होता ते ध्यानात येईल.

रसवंतीच्या चरकाचे दातेरी चक्र तुम्ही पाहिलेच असेल. लहान चक्राने मोठे चक्र फिरवले की वेग कमी होतो आणि जोर वाढतो. गाडी जागची हलवायला किंवा घाट चढायला जोर हवा. सपाट रस्त्यावर वेग हवा. एकाच इंजिनाकडून ही दोन्ही कामे करून घेण्यासाठी गिअरबॉक्स. जीपसारख्या गाडीत, जिचे इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, तेथे त्यात तीन दांडे असतात. क्लचमधून जोर आत आणतो तो पहिला, म्हणजे टॉप शाफ्ट. त्याच्याशी दात्यांनी कायम जोडलेला, खाली ऑइलमध्ये फिरणारा तो काउंटर शाफ्ट. आणि टॉप शाफ्टच्याच रेषेत मागे, चाकांकडे जाणारा मेन शाफ्ट. मेन शाफ्टवरची चक्रे त्याच्यावर सैल फिरत असतात. आपण गिअर टाकतो तेव्हा त्यांपैकी एकच चक्र शाफ्टला पकडून ठेवले जाते.

एवढे डोळ्यांपुढे असले की पुढचे सोपे आहे. गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, गिअर न्यूट्रलमध्ये आहे आणि पाय क्लचवर नाही. अशा वेळी काय फिरते? टॉप शाफ्ट फिरतो, काउंटर शाफ्ट फिरतो. मेन शाफ्ट उभा असतो. आता क्लच पूर्ण दाबा. इंजिनाचा संबंध तुटला, क्षणभरात ते दोन्ही शाफ्ट थांबले. म्हणजे पाय क्लचवर नसताना खरखर येत होती आणि क्लच दाबताच ती विरली, तर दोष टॉप शाफ्टच्या किंवा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगमध्ये शोधावा. उलट, आधी शांत होते आणि क्लच दाबल्यावर किरकिर सुरू झाली, तर बिघाड बहुधा क्लचच्या रिलीज बेअरिंगचा. ते बेअरिंग पाय दाबल्यावरच कामाला लागते. कधी कधी इंजिनाच्या टोकाशी टॉप शाफ्टला आधार देणारे छोटे पायलट बेअरिंगही ह्याच वेळी ओरडते, कारण एरवी दोन्ही भाग बरोबर फिरत असतात आणि त्याला काही कामच नसते. दोन्ही बाबतींत गिअरबॉक्सच्या आतली चक्रे बदलण्याचे कारण नाही. मात्र रिलीज बेअरिंग बदलायलाही गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. म्हणून उतरवणावळ सांगितली तर मिस्त्रीवर रागावू नये, फक्त कोणता भाग बदलणार ते विचारून घ्यावे.

ही परीक्षा घरच्या अंगणात दोन मिनिटांत होते. हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा, एवढे पुरे.

आता चालत्या गाडीकडे वळू. आवाज एकाच गिअरमध्ये येत असेल, समजा फक्त दुसऱ्यात, तर त्या गिअरचे दाते किंवा त्या चक्राचा आधार झिजला आहे. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात येतो आणि चौथ्यात जवळजवळ नाहीसा होतो, असे असेल तर जीपसारख्या गाडीत काउंटर शाफ्टवर संशय घ्यावा. अशा गाडीत चौथ्या गिअरमध्ये टॉप शाफ्ट आणि मेन शाफ्ट सरळ एकमेकांना जोडले जातात. काउंटर शाफ्ट फिरतो खरा, पण त्याच्यावर ओझे नसते. ओझे नसलेले बेअरिंग गप्प बसते. मारुती आठशेसारख्या पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांची रचना निराळी आहे, त्यांत अशी सरळ जोडणी नसते, म्हणून ही खूण त्यांना लावू नये. त्या गाड्यांत स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना टक-टक-टक असे ऐकू आले, तर तो पुढच्या चाकाच्या ॲक्सलचा जॉइंट असतो; त्या बिचाऱ्या गिअरबॉक्सचा त्यात काहीच अपराध नसतो.

रिव्हर्स गिअरचे मात्र स्वतंत्र सांगितले पाहिजे, कारण त्यापायी पुष्कळ माणसे उगाच घाबरतात. गाडी मागे घेताना घूंऽऽ असा चढता सूर निघतो. पुढच्या गिअरांचे दाते तिरपे कापलेले असतात. एक दाता सुटण्याआधीच दुसरा हळूच लागतो, म्हणून ते शांत चालतात. रिव्हर्सचे दाते बहुतेक गाड्यांत चरकासारखे सरळ असतात. प्रत्येक दाता एकदम अंगभर आपटतो आणि ते सूर लावतात. शिक्षकांनी हे वर्गात दाखवायचे तर दोन फण्या घ्याव्यात: एकीच्या दातांवरून दुसरीची कड सरळ ओढावी, मग तिरपी ओढावी. मुलांना फरक कानाने कळेल.

गिअर बदलतानाची कर्रर्र ही आणखी वेगळी गोष्ट. पॅरिसच्या पान्हार-लव्हासोर कारखान्याने १८९१ च्या सुमारास सरकत्या चक्रांचा गिअरबॉक्स गाडीत बसवला, तेव्हापासून चालकांचे कान ह्या आवाजाला सरावले होते. वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन चक्रे एकमेकांत घुसवायची, मग दाते खणखणणारच. १९२८ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत सिंक्रोमेश आले. त्यात पितळी कोन आधी एकमेकांना घासून दोघांची गती सारखी करतात आणि मग पकड बसते. आपल्याकडे महिंद्र कंपनीने १९४७ पासून ज्या विलीज जीपचा व्यवहार सुरू केला, त्या जुन्या जीपगाड्यांच्या तीन गिअरांपैकी पहिल्याला हे कोन नव्हते. चालत्या गाडीत पहिला टाकला की ती करकरायची, आणि तो तिचा स्वभावच होता. एस. टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली. तिचे जुने चालक डबल क्लच मारीत, ते ह्याचसाठी. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. लहानपणी आम्ही मागच्या बाकावर बसून तोंडाने तो आवाज काढीत असू.

तुमच्या आजच्या गाडीत गिअर टाकताना करकर होत असेल तर दोनच मोठी कारणे संभवतात: क्लच पूर्ण सुटत नाही, किंवा पितळी कोन झिजले. ओळखायचे कसे? गाडी उभी करा, क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. एवढा वेळ थांबूनही कर्रर्र झाले तर आतले शाफ्ट अजून फिरत आहेत, म्हणजे क्लच ओढतो आहे. केबल, क्लचचे ऑइल किंवा प्लेट तपासावी. रिव्हर्स मुकाट्याने पडला, पण चालत्या गाडीत दुसरा किंवा तिसरा एकच गिअर करकरतो, तर त्या गिअरचा कोन गेला. तोपर्यंत डबल क्लच मारून वेळ काढता येते. जुनी विद्या अशी कधीतरी उपयोगी पडते.

ऑइलविषयी न बोलता पुढे गेलो तर हा सगळा खटाटोप फुकट. इंजिनाचे ऑइल सगळे पाहतात, गिअरबॉक्सचे कोणी पाहत नाही. कित्येकांना त्यात ऑइल असते हेच ठाऊक नसते. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, थंड झालेली. पेटीच्या बाजूला भरणीचा बोल्ट असतो तो काढावा आणि करंगळी आत घालावी. बहुतेक गाड्यांत भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल लागले पाहिजे. फोर-व्हील जीपला मागे ट्रान्सफर केस असते, तिचे ऑइल निराळे पाहावे. बोटाला लागलेले ऑइल उन्हात धरा. पिवळी चमचमती भुकटी दिसली तर ती पितळी कोनांची. काळसर, चुंबकाला चिकटणारी बारीक वस्त्रगाळ पूड थोडीफार असतेच. पण दात्याची चकतीएवढी कपची निघाली, तर गाडी तेथेच उभी करावी, गावापर्यंतही रेटू नये. नवे ऑइल भरताना गाडीच्या पुस्तकातला नंबर पाहूनच भरावे. डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ असे लिहिलेले असते. पाच हा चारापेक्षा मोठा म्हणून चांगला, असे समजू नये. जीएल-५ जातीची काही ऑइले पितळेला बाधतात.

गाडीखाली शिरून आवाज ऐकायचा असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, भक्कम लाकडी ठोकळे लावा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक पेटीवर आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली की कोणते बेअरिंग ओरडते ते जवळजवळ बोट दाखवल्यासारखे कळते. फिरता शाफ्ट आणि तापलेला सायलेन्सर यांपासून सदरा, उपरणे दूर. हल्ली लोक मोबाइलवर आवाज भरून मिस्त्रीला पाठवतात. त्यासोबत कोणता गिअर, किती वेग, पाय कोठे होता हे लिहिले नाही, तर मिस्त्रीला त्यातून फारसे काही कळत नाही.

आता मामांच्या जीपकडे येऊ. चाचांनी सपाट मैदानात गाडी चाळीसच्या वेगाने पळवली, क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणला आणि इंजिन मंद होऊ दिले. घूं-घूं तसाच चालू राहिला, आणि गाडी मंदावली तसा तोही मंदावला. म्हणजे आवाज इंजिनाच्या गतीबरोबर नव्हता, चाकांच्या गतीबरोबर होता. (ही परीक्षा उतारावर करू नये, आणि चालत्या गाडीची चावी तर मुळीच बंद करू नये, ब्रेक जड होतात, काही गाड्यांत स्टिअरिंगही अडकते.) मग चाचांनी मोठे वळण घ्यायला लावले. उजवीकडे वळताना आवाज वाढला, डावीकडे वळताना जवळपास गेला. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो. डावे पुढचे चाक उचलून हाताने वर-खाली हलवले तर ते खुळखुळले. चाकाचे बेअरिंग गेले होते. दुपारपर्यंत ते बसले आणि संध्याकाळची फेरी मामांनी चुकवली नाही. गिअरबॉक्सला पाना लागला नाही.

तीच जीप दोन वर्षांनी खरोखरच गिअरबॉक्समुळे अडली, आणि त्या वेळी कोणी कान दिला नव्हता. महिनाभर पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की गिअरच्या दांड्याला हातात ठक्क असा धक्का बसत होता. मामा म्हणत, "जुनी गाडी आहे, चालायचंच." पहाटेची रेल्वे गाठायला मलकापूरला प्रवासी नेताना राजूर घाटाच्या उतारावर तिसरा गिअर आपोआप सुटला. न्यूट्रलमध्ये गाडी सैल झाली, वेग वाढला, इंजिन धरून ठेवीना आणि ब्रेक तापून वास सुटला. मामांनी हँडब्रेक ओढीत गाडी डोंगराच्या बाजूला घासून थांबवली. एका म्हाताऱ्या बाईंच्या कपाळाला खोक पडली, बाकी सगळे सुखरूप. उतारावर गिअर सुटणे हा गिअरबॉक्सचा सर्वांत वाईट दोष आहे, आणि त्याचा आवाज मात्र सर्वांत लहान असतो. असा धक्का हाताला जाणवू लागला की ती गाडी घाटात नेऊ नये.

चाचांनी पेटी उघडली तेव्हा तिसऱ्या गिअरच्या पकडीचे दाते टोकांना गोल झालेले निघाले, आणि दांडा जागी धरून ठेवणारी छोटी स्प्रिंग मोडलेली. ते झिजलेले चक्र मी मागून आणले. आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात ते नव्या चक्राशेजारी ठेवले आहे. मुले डोळे मिटून दोन्हींवरून बोट फिरवतात आणि झिजलेले कोणते ते सांगतात.