जुने डिझेल इंजिन पुन्हा सुरू करताना



वीज आली, सौर पंप आले आणि विहिरीवरचे डिझेल इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली गेले. पण गहू ओंबीत असताना ट्रान्सफॉर्मर जळाला, की त्याचीच आठवण होते. इंजिन ५ अश्वशक्तीचे, मिनिटाला १५०० फेरे घेणारे असो, की दोन जड चाकांचे, ६५० फेऱ्यांचे लिस्टर पद्धतीचे असो, नीट साफ केले तर ते पुष्कळदा पुन्हा चालते. घाई मात्र नको.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. कृषी महाविद्यालयात शिकत असताना सुट्टीत घरी आलो. कांद्याला पाणी हवे होते. तीन वर्षे बंद पडलेल्या इंजिनात डिझेल ओतले आणि हँडल मारले. इंजिन सुरू झाले, मला वाटलं जिंकलो! अर्ध्या तासात बेअरिंग धरले. उघड्या सायलेन्सरमधून पावसाचे पाणी आत उतरून ऑइलमध्ये मिसळले होते. क्रँकशाफ्ट शहरात नेऊन घासून आणेपर्यंत कांदा वाळला. ऑइल आधी बघायला पाच मिनिटे पुरली असती.

म्हणून कामाचा क्रम असा ठेवा :

१) आधी नोझल काढा, सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडा आणि एक-दोन दिवस थांबा. मग चाक हाताने हळू फिरवा. फिरले नाही तर रिंगा गंजून लायनरला धरल्या आहेत असे समजा. घण मारू नका, ट्रॅक्टरने ओढू नका. रिंगा तुटतात, लायनरवर चरे पडतात. हेड उघडून मिस्त्रीला दाखवा.

२) चेंबरमधले जुने ऑइल पूर्ण काढा. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे. पाणी कुठून आले ते शोधल्याशिवाय नवे ऑइल भरू नका.

३) टाकीतले जुने डिझेल व तळचे पाणी काढा, फिल्टर बदला. पाइपातली हवा काढताना बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या. नोझलचा फवारा धुक्यासारखा बारीक हवा. थेंब गळत असतील तर नोझल दुरुस्तीला द्या. फवाऱ्यासमोर हात धरू नका, ती धार कातडीतून आत शिरते.

४) थंड करणाऱ्या पाण्याची वाट साफ आहे ना, ते पाहा. क्षार साचले असतील तर इंजिन तापून हेड तडकते.

५) हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत वळवू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडते. बंद करताना डिझेल तोडून बंद करा, डीकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलून नव्हे.

सुरू झाल्यावर धूर बघा. काळा धूर म्हणजे भार जास्त, हवा कमी किंवा नोझल खराब. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा झिजल्या. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी येते आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. उन्हाळ्यात पाणी खाली गेले, की काही जण इंजिनच विहिरीतल्या टप्प्यावर उतरवतात. तसे कधीही करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. जुन्या वळणाने आपण कंदील खाली सोडून पाहतो. पण या वायूने कंदील विझत नाही. दिवा जळत असतो आणि माणूस चक्कर येऊन पडतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. कोणी आत पडला तर खाली उडी घेऊ नका. माणसे जमवा, अग्निशमन दलाला बोलवा.

पंप सुमारे सहा-सात मीटर खोलीवरूनच पाणी ओढतो. पाणी त्याखाली गेले तर वीज येईपर्यंत थांबा. एक पाळी चुकली तर पीक थोडे कमी येईल, पण घरचा माणूस घरी राहील.

आणि काम झाल्यावर सायलेन्सरवर एक डबा उपडा घालायला विसरू नका. माझा कांदा त्या एका डब्यावाचून गेला.