आजोबांची बोटं आणि ओटीपीची घाई

आजचा विषय तुमच्या घरातलाच. आजोबा मोबाइल पुढं करतात, "बाबा, तूच करून दे." आपण पटकन करून देतो आणि वर पुटपुटतो, "किती वेळा सांगायचं यांना!"

आपलं पूर्णा म्हणजे रेल्वेचं गाव. जंक्शनवर आयुष्य घातलेले पेन्शनर इथं गल्लोगल्ली भेटतील. नोव्हेंबर आला की त्यांची हयातीच्या दाखल्याची धावपळ सुरू. 2014 पासून 'जीवन प्रमाण'वर तो डिजिटल देता येतो. पण वयानं बोटांवरच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी पडते, मग मशीन ठसाच घेत नाही. आता चेहरा दाखवूनही काम होतं, हे घरी नक्की सांगा. दाखला अडला तर पेन्शन अडते, गंमत नाही ही.

आता ओटीपी बघा. मेसेज वाचायचा, सहा आकडे डोक्यात धरायचे, दुसऱ्या ॲपवर जायचं, बारक्या चौकोनात नेमकं बोट टेकवायचं. वयानुसार मेंदूचा वेग मंदावतो, एकावेळी दोन कामं जड जातात. बोटांचे सांधे आखडतात, स्पर्शही कमी कळतो. आणि वर घड्याळ पळतंय! हे जमलं नाही म्हणून माणूस पिन दुसऱ्याच्या हाती देतो. खरा धोका तिथं आहे.

पण हळू झाला म्हणजे डोकं गेलं, असं नाही हं. अमेरिकेतल्या टिमोथी सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञानं 1984 मध्ये 19 ते 72 वयाचे टायपिस्ट तपासले. नुसतं बोट आपटायला सांगितलं तर वयस्कर मंडळी हळू. टायपिंगचा वेग मात्र तरुणांइतकाच! कसं काय? ते मजकुरातली पुढची अक्षरं जास्त लांबपर्यंत आधीच वाचून ठेवायचे. अनुभवानं वेगाची भरपाई केली. आजोबांच्या जुन्या कामातही हेच दिसेल. फोनवर मात्र तो अनुभवच नाही, शिवाय अपडेट आलं की बटण जागा बदलतं. (ॲप बनवणाऱ्यांना आजी-आजोबा नसतात की काय!)

म्हणून करून देऊ नका, त्यांच्याच बोटानं करू द्या. अक्षर मोठं करा, पायऱ्या त्यांच्या वहीत त्यांच्याच हातानं लिहू द्या. ओटीपी कागदावर उतरवून घेतला तर निम्मं ओझं कमी. काम झालं की कागद फाडायचा. आणि वेळ संपली तर संपली, परत मागवायचा.

एक मात्र वेगळं ठेवा. हा मंदपणा वर्षानुवर्षं हळूहळू येतो. एकाएकी एका हातातली ताकद गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो अर्धांगाचा झटका असू शकतो. सकाळची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा. हात स्वस्थ असतानाही थरथरतो, अक्षर बारीक होत चाललंय, रोजचा पैशाचा हिशोब चुकायला लागलाय किंवा ओळखीचा रस्ता सापडत नाही, तर "वय झालं" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.