यादी लागत नाही, विचारावं लागतं



आपल्या वडिलांच्या पिढीत रेल्वेत किंवा महापालिकेत चिकटलं की सेवाज्येष्ठतेची यादी लागायची. आपला नंबर कधी येणार, ते कळायचं. भिवंडीच्या यंत्रमागावर तेवढंही नव्हतं, म्हणून घरात अशा नोकरीची किंमत मोठी. आजही सांगतात, 'बेटा, टिकून राहा, साहेबांशी अदबीने वाग.'

सल्ला खोटा नव्हता. के. कृतिवासन १९८९ मध्ये टीसीएसमध्ये लागले आणि २०२३ मध्ये तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. ३४ वर्षं एकच कंपनी! त्या पिढीच्या मॅनेजरला दोन वर्षांत नोकरी बदलणारा उतावळाच वाटणार.

पण ऐरोलीच्या आयटी कंपनीत ती यादी लागत नाही. वर्षाअखेरीला मॅनेजर मंडळी बंद खोलीत बसून रेटिंग ठरवतात. तिथे तुमचा मॅनेजर काय बोलणार? त्याला जेवढं माहीत आहे तेवढंच. कल्याणहून लोकलने येणारी, ठाण्याला गाडी बदलणारी मुलगी रात्री बंद पडलेला सर्व्हर सुरू करते आणि गप्प राहते. स्वतःचं काम सांगणं म्हणजे बढाई, असं आपल्याकडे मानतात. मला हे अजिबात पटत नाही. कामाची तारखेनिशी नोंद ठेवा, दर तीन महिन्यांनी मेल करा आणि थेट विचारा: पुढच्या पदासाठी माझ्यात काय कमी आहे? ही बेअदबी नाही. दोनदा गोलमोल उत्तर आलं, तर बायोडाटा बाहेर पाठवा. फक्त घरी आधी सांगा, अब्बांना ती बातमी शेजाऱ्यांकडून कळू नये.